विकतची यादी, रोजचे पाचशे ईमेल आणि गोव्यातील लघुउद्योजक

झुआरीकाठ
पणजीतील एका विपणन सल्लागारांचा लेख काल या चर्चामंचावर वाचला. गोव्यातील लघुउद्योजकांनी पत्त्यांची तयार यादी विकत घ्यावी, रोज पाचशे ईमेल पाठवावेत आणि शंभरात एक उत्तर आले तरी धंदा झाला असे समजावे, असा त्यांचा सल्ला आहे. मला तो घातक वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

कुंडईला माझा औषधांच्या खोक्यांचा छपाई कारखाना आहे आणि नवे ग्राहक मीही ईमेलनेच शोधतो. अनोळखी माणसाला लिहिण्यात गैर काही नाही, फक्त ते पत्र त्याच माणसासाठी लिहिलेले असावे. एखादा कारखाना खोकी उघडून भरणारे नवे स्वयंचलित कार्टनिंग मशीन बसवतो आहे असे कळले, की त्याच्या पॅकेजिंग विभागाला मी कळवतो की बोर्डाच्या ग्रेनची, म्हणजे त्यातल्या तंतूंची, दिशा चुकली तर खोके मशीनवर नीट उघडत नाही, तेव्हा आमचे कोरे नमुने तुमच्याच मशीनवर चालवून पाहा. अशी पत्रे मोजकीच लिहून होतात, पण त्यांना उत्तरे येतात. विकतच्या यादीतले कितीतरी पत्ते बंद पडलेले असतात. मेल परत येऊ लागले आणि लोकांनी स्पॅमचे बटण दाबले, की आपल्या डोमेनची (ईमेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची) पत घसरते आणि जुन्या ग्राहकाला पाठवलेले कोटेशनसुद्धा स्पॅममध्ये जाऊन पडते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवण्याचा नियम केला आहे, म्हणजे हजार मेलमागे तीन तक्रारी झाल्या की मर्यादा संपली.

डिचोली काजू
आपले म्हणणे ज्याच्या दारात औषध कारखाने उभे आहेत त्याला शोभते. मी भाजलेल्या काजूच्या भेटपेट्या विकतो. माझा ग्राहक पुणे, मुंबई आणि बंगळुरूच्या कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात बसलेला आहे, त्याला दिवाळीच्या आधी दीड-दोन महिन्यांतच गाठावे लागते, आणि तेथे माझ्या ओळखीचे कोणीही नाही. विक्रीसाठी माणूस ठेवण्याची माझी ऐपत नाही, प्रदर्शनातल्या स्टॉलचे भाडे मला परवडत नाही. मी यादी विकत घेतली, मेल पाठवले आणि त्यातून मिळालेले दोन ग्राहक आजही दर वर्षी ऑर्डर देतात. प्रत्येकाचा अभ्यास करून पत्र लिहीत बसलो तर दिवाळी उलटून जाईल. पोट भरलेल्यांनी आम्हाला शिष्टाचार शिकवू नये.

वेर्णे खरेदी विभाग
मी अशा मेलच्या दुसऱ्या टोकाला बसतो, म्हणून लिहितो. वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत मी पॅकेजिंगच्या मालाची खरेदी पाहतो. सकाळी मेलपेटी उघडली की ‘आम्ही या क्षेत्रातील अग्रगण्य उत्पादक आहोत’ अशा वाक्याने सुरू होणारी पत्रे रांगेने दिसतात. एकात तर माझ्या नावाच्या जागी ‘प्रिय (नाव)’ असे कंसासकट छापून आले होते आणि पाठवणारा आम्हाला प्लास्टिकच्या खुर्च्या विकू पाहत होता. अशी पत्रे मी न वाचता काढून टाकतो.

पण झुआरीकाठ यांनीही एक गोष्ट सांगितलेली नाही. उत्तम पत्र आले तरी मी लगेच खरेदी करू शकत नाही. आधी पुरवठादाराची मंजुरी, मग गुणवत्ता विभागाची कारखान्यात तपासणी, मग नमुन्यांच्या चाचण्या, असे करत सहज काही महिने जातात. त्यामुळे चार दिवसांनी ‘माझा मेल पाहिलात का’ असे विचारणाऱ्याचा मला राग येतो आणि तीन महिन्यांनी नव्या नमुन्यासह लिहिणारा लक्षात राहतो.

शिरोडा
तांत्रिक बाजू अर्धवट मांडली गेली आहे. गूगलचे ते नियम वैयक्तिक जीमेल खात्यांवर येणाऱ्या मेलसाठी आहेत. दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना डीमार्क (पडताळणीत नापास झालेल्या मेलचे काय करायचे ते सांगणारी नोंद) आणि एका क्लिकवर यादीतून नाव काढण्याची सोय सक्तीची आहे, इतरांना मेल खरोखर त्याच डोमेनचा आहे हे पडताळणाऱ्या एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक पुरते. कंपन्यांच्या पत्त्यांवर स्पॅम अडवणारी त्यांची स्वतःची गाळणी चालते. तसेच किती जणांनी मेल उघडला या आकड्यावर कोणी विसंबू नये, कारण २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय आली आहे आणि ती सुरू असली की न वाचलेला मेलही उघडल्यासारखा नोंदला जातो. आलेली उत्तरे तेवढी मोजावीत.

किनारपट्टी
आपण सारे कारखान्यांचे बोलता, पण ईमेलचा खरा प्रश्न आम्हा हॉटेलवाल्यांचा आहे. बुकिंगच्या संकेतस्थळांवरून आलेल्या पाहुण्याचा खरा पत्ता आम्हाला मिळत नाही. त्यांनीच बनवलेला टोपण पत्ता मिळतो, आणि तोच पाहुणा पुढच्या हंगामात पुन्हा आला तरी आम्ही पुन्हा दलाली भरतो. मग चेक-इनच्या वेळी भरून घेतलेल्या नोंदीतला पत्ता वापरून मी त्याला पावसाळी सवलत कळवली, तर त्यात कोणते पाप आहे? पाहुणा माझा, खोली माझी, चहा माझा.

झुआरीकाठ
पाप नसेल, पण तो पत्ता पाहुण्याने जाहिरातीसाठी दिलेला नाही. परदेशी पाहुण्याची माहिती आपण सरकारी नोंदीसाठी घेता, कारण ती चोवीस तासांत सरकारला कळवावी लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाच हा आहे की माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरावी.

किनारपट्टी
कायदा आम्हालाच का दाखवता? संकेतस्थळे त्याच पाहुण्याला दर आठवड्याला शेजारच्या हॉटेलची जाहिरात पाठवतात, तेव्हा हा कायदा कोठे असतो? ऑफ-सीझनला कळंगुटमध्ये हॉटेल चालवून पाहा, मग बोला.

शिरोडा
किनारपट्टी यांचा संताप समजतो, पण त्यांचा मार्ग कायद्याने पूर्ण बंद केलेला नाही. त्यांच्याकडे ब्रिटिश पाहुणे येत असतील, तर ब्रिटनमधल्या नियमाचा नमुना घेण्यासारखा आहे. तेथे विक्रीच्या ओघात ग्राहकाकडून घेतलेल्या पत्त्यावर तशाच सेवेची जाहिरात पाठवता येते, मात्र पत्ता घेतानाच आणि पुढील प्रत्येक मेलमध्ये नकार देण्याची सोय हवी. जर्मनीतही जुन्या ग्राहकांपुरती अशीच सवलत आहे, अनोळखी कंपनीला मात्र तेथे पूर्वसंमतीशिवाय जाहिरातीचा मेल पाठवता येत नाही. नोंदणीच्या कागदावर वेगळी चौकट ठेवा आणि पाहुण्याला स्वतः खूण करू द्या.

किनारपट्टी
चौकट ठेवतो. रांगेत उभा राहून दमलेला पाहुणा ती भरणार नाही हे मला ठाऊक आहे, पण निघताना, बिल देतेवेळी विचारले तर काही जण भरतील. दलालीबद्दलचे माझे मत तसूभरही बदललेले नाही.

डिचोली काजू
हॉटेलांच्या गोंधळात माझा प्रश्न तसाच राहिला. अमेरिकेत २००३ च्या कायद्याने पूर्वसंमतीशिवाय व्यापारी मेल पाठवता येतो. खरा डाकपत्ता द्यायचा, विषयाच्या ओळीत फसवायचे नाही आणि कोणी नको म्हटले तर कामाच्या दहा दिवसांत त्याचे नाव काढायचे, अशा अटी आहेत. आपल्याकडेही दूरसंचार नियामक ट्रायचे २०१८ चे नियम कॉल आणि एसएमएसपुरते आहेत, ईमेलला ते लागू नाहीत. मग मी गुन्हेगार कसा?

झुआरीकाठ
मी आपल्याला गुन्हेगार म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. माझे भांडण यादी विकणाऱ्याशी आणि तिची भलामण करणाऱ्या सल्लागाराशी आहे. आपल्याला मिळालेले दोन ग्राहक खरे आहेत, हे मान्य करतो. पण तीच यादी भेटवस्तू विकणाऱ्या आणखी कितीजणांना विकली गेली असेल? पुण्याच्या त्या मनुष्यबळ अधिकाऱ्याने पुढच्या वर्षी काजूचे नाव दिसताच मेल काढून टाकला, तर नुकसान गोव्याच्या साऱ्या काजूवाल्यांचे होईल. आपल्या दोन ग्राहकांनाच विचारा की त्यांच्या ओळखीच्या कोणत्या कंपन्या दिवाळीला भेटी देतात, आणि त्यांना त्या ग्राहकांच्या संमतीने, त्यांचे नाव घेऊन लिहा.

डिचोली काजू
विचारून पाहतो. यादी फेकून मात्र देणार नाही. तीतल्या पुण्याच्या कंपन्या वेगळ्या काढून त्यांना या वेळी भाद्रपदाच्या आधीच, पेटीतल्या काजूचा आकार आणि दर स्पष्ट लिहून पत्रे पाठवीन. उरलेल्यांचे काय करायचे ते दिवाळीनंतर पाहू.

वेर्णे खरेदी विभाग
दरासोबत किमान किती पेट्या घ्याव्या लागतील आणि पोचवण्याचा खर्च कोणाकडे, तेही पहिल्याच पत्रात लिहा. हे दोन प्रश्न विचारायला खरेदीवाला उलट मेल करत नाही, तो पुढच्या पुरवठादाराकडे वळतो.