मदत हवी आहे: हँडओव्हर तोंडी, पण टास्क कार्डावर सह्या पूर्ण. नवीन माणसाने काय करावं?

नमस्कार मंडळी, इथे एव्हिएशनवाले कोणी आहेत का माहीत नाही पण विचारून बघतो. मी एका एमआरओत (विमानांची दुरुस्ती-देखभाल करणाऱ्या कंपनीत) टेक्निशियन आहे, लायसन्स अजून नाही, मॉड्यूल्स चालू आहेत. रात्रपाळीला आलो की आधीच्या शिफ्टवाले निघता निघता सांगतात, बोरस्कोप (नळीच्या कॅमेऱ्याने इंजिनाची आतून तपासणी) झालंय, तू फक्त बंद करून टाक. आता टास्क कार्ड (कामाच्या पायऱ्या आणि सह्यांचा कागद) बघावं तर शेवटपर्यंत सह्या, ओ-रिंग (तेल गळू नये म्हणून बसवायचं रबरी कडं) नवी टाकली, कव्हर लावलं, टॉर्क केलं (बोल्ट ठरलेल्या जोराने आवळले), सगळं झालेलं, आणि इंजिनाखाली जाऊन बघावं तर कव्हर अजून ट्रॉलीवर पडलेलं. राहिलेलं काम करायला माझी ना नाही हो, पण मग ती सही कशाची? सीनिअरना विचारलं तर म्हणाले तू इंजिन बघ, कागद आम्ही बघतो. मी उगाच जास्त विचार करतोय की यातून खरंच काही घडलेलं आहे? आणि सीनिअरशी वाकडं न घेता हे कसं बोलायचं? पुढच्या महिन्यात इंजिन चेंजच्या टीममध्ये टाकणार आहेत, त्याआधी कोणते कागद वाचून ठेवू तेही सांगा.

---
जुना_पाना:
जास्त विचार अजिबात नाही. तू लिहिलंयस ना अगदी तसंच झालेलं आहे, २३ फेब्रुवारी १९९५, इंग्लंड, ७३७-४००. रात्री दोन्ही इंजिनांचं बोरस्कोप होतं, लाइनच्या (रोजच्या देखभालीच्या) इंजिनिअरने तयारी केली, माणसं कमी म्हणून काम बेसच्या (हँगरमधल्या मोठ्या कामांच्या) कंट्रोलरकडे तोंडी सोपवलं, कुठपर्यंत आलंय हे कागदावर काहीच नाही. कंट्रोलर स्वतः करायला बसला, मध्ये मध्ये लोक येऊन कामातून उठवतायत, शेवटी दोन्ही इंजिनांच्या एचपी रोटर ड्राइव्हची (इंजिनाचा आतला भाग हाताने फिरवायच्या जागेची) कव्हरं लावायची राहिली, नंतरचा आयडल रन (इंजिन मंद चालवून गळती बघायची चाचणी) पण केला नाही, आणि कागदावर काम पूर्ण! मग विमान लँझारोटीला निघालं, दोन्ही इंजिनांचं ऑइल गळायला लागलं, ल्यूटनला उतरवलं म्हणून वाचले. एका इंजिनाचं झालं असतं तर दुसरं असतं, इथे दोन्हीला एकच हात लागलेला. म्हणून तर ईटॉप्सच्या (दोन इंजिनांवर विमानतळांपासून लांब उडणाऱ्या) विमानांवर एका माणसाने एकाच वेळी दोन्ही इंजिनांचं तेच काम करू नये असा दंडक आहे.

ओ-रिंगचं म्हणशील तर ५ मे १९८३ची ईस्टर्न ८५५ वाच. मायामीहून नासाऊला जाणारं ट्रायस्टार, तीन इंजिनं, तिन्हींचे चिप डिटेक्टर (ऑइलमधले धातूचे कण पकडणारे) ओ-रिंगशिवाय बसवलेले. रोज फोरमनच्या कपाटातून डिटेक्टर मिळायचे ते ओ-रिंग घालूनच, त्या रात्री कपाटात नव्हते म्हणून स्टोअरमधून आणले, वर सर्व्हिसेबलचा (वापरायला योग्य) टॅग, मग बघायचं कशाला. कार्डावर ओ-रिंगसह बसवा असं छापलेलं होतं, सही पण होती. स्टार्टरवर काही सेकंद फिरवून लीक बघितलं, तेवढ्यात काय दिसणार. एक इंजिन क्रूने बंद केलं, उरलेली दोन आपोआप बंद पडली, मग पहिलं परत चालू करून मायामी गाठलं. कोणाला खरचटलं नाही. मला यात सगळ्यात राग कशाचा येतो तर त्या कंपनीत असे प्रकार आधीही झालेले होते.

---
पुरणपोळी_फॅन:
शुक्रवारचं तिकीट आहे हो माझं!! कुठून हा धागा उघडला 😭

---
टोरांटोकर:
@पुरणपोळी_फॅन बिनधास्त जा, वरची दोन्ही विमानं सुखरूप उतरली.

धागाकर्ते, इंजिन चेंजवर जाणार असाल तर आमच्याकडची एअर ट्रान्झॅटची केस पाठ करा. ऑगस्ट २००१, ए३३०, टोरांटो ते लिस्बन. थोडे दिवस आधी उजवं इंजिन बदललेलं, बदली आलेलं इंजिन उसनं आणि जुन्या मॉडचं (जुन्या रचनेचं), त्यावर हायड्रॉलिक पंप नव्हता म्हणून काढलेल्या इंजिनाचा नव्या मॉडचा पंप लावला. पाइप जुळेनात. एक सर्व्हिस बुलेटिन (निर्मात्याची बदलांची सूचना) होतं त्यात फ्युएलचा पाइपसुद्धा बदलायला सांगितलेला, पण ते कॉम्प्युटरवर उघडेना, वेळ कमी, मग जसं बसतंय तसं बसवलं. हायड्रॉलिकचा पाइप फ्युएलच्या पाइपला घासत राहिला आणि अटलांटिकवर तो फुटला. त्यात क्रूने क्रॉसफीड (दोन्ही बाजूंच्या टाक्या जोडणारा व्हॉल्व्ह) उघडला, तो भाग वेगळा, पण टाक्या रिकाम्या झाल्या आणि ३०६ माणसं घेऊन जवळजवळ १९ मिनिटं विमान इंजिनाशिवाय तरंगत अझोर्सच्या लाजेसला उतरलं.

तेव्हा इंजिन आल्या आल्या आधी त्याचं मॉड स्टेटस आणि लागू बुलेटिनांची यादी, आणि काढलेल्या इंजिनाची पण, दोन्ही शेजारी ठेवून वाचायची. जिथे फरक दिसेल तिथे काम सुरू व्हायच्या आधी प्लॅनिंगला विचारायचं. अर्ध्या रात्री पाइप हातात धरून विचारलंत तर उत्तर "बसव रे" हेच येणार.

---
धागाकर्ता:
खूप धन्यवाद दोघांनाही, ईस्टर्नची केस माहीतच नव्हती. पण सीनिअरशी बोलायचं कसं ते राहिलं. सरळ "तुम्ही न करता सही केलीत" म्हटलं तर झालंच माझं.

---
जुना_पाना:
तसं म्हणूच नकोस. "साहेब, कव्हर अजून बाहेर आहे, तेवढ्या स्टेप्स परत ओपन करून द्या, मी करतो आणि तुम्ही बघून सही करा" एवढंच. म्हणजे चूक कोणाची हा विषयच निघत नाही. सीएआर-१४५ (विमान देखभाल कंपन्यांचे सरकारी नियम) मध्ये १४५.ए.४७ ला शिफ्ट बदलताना माहिती नीट दिली गेली पाहिजे असं स्पष्ट आहे, तेव्हा हँडओव्हर शीट माग, नसेल तर तूच एक पान लिही, काय उघडं आहे, कुठला पार्ट काढलाय, आणि जाणाऱ्याला वाचून दाखव. पंधरा दिवसांत लोक आपणहून लिहायला लागतात, आमच्या हँगरला तसंच झालं. तरीही कोणी ऐकत नसेल तर क्वालिटीवाल्याकडे जा, ऑकरन्स रिपोर्टिंग (घडलेले प्रकार कळवायची सोय) त्यासाठीच आहे.

आणि एक, कार्डावर नवी ओ-रिंग लिहिलेली असली की स्टोअरची इश्यू स्लिप बघ. पार्ट नंबर आणि बॅच तिथे निघालेली नसेल तर ती ओ-रिंग त्या रात्री इंजिनावर गेलेली नाही, मग सही कोणाचीही असो.