मदत हवी आहे: माल्टीजमध्ये 'तोही नाही, तीही नाही' कसं लिहायचं?

मी माल्टात एका वृद्धाश्रमात नर्स आहे. माल्टीजचा पहिला कोर्स पास झाले आणि तेवढ्यावर नोटीसबोर्डाचं काम माझ्या गळ्यात पडलं. इंग्रजी नोटीस आहेच, खाली माल्टीज मजकूर मी लिहायचा. तिथे अडकले आहे.

पहिली नोटीस 'अझीझ हद्दीम' अशी सुरू केली. हद्दीम म्हणजे कामगार, अझीझ म्हणजे प्रिय (तोच आपल्या गझलांमधला). दुपारपर्यंत कुणीतरी पेनाने दोन्हींपुढे तिरकी रेघ मारून 'आ' जोडला होता. बरोबरच आहे, आमच्यात बायकाच जास्त. मग मी शहाणपणा करून 'अझीझा हद्दीमा' केलं. तर स्वयंपाकघरातली मावशी विचारते, "कुठल्या बाईला लिहिलंयस?" हद्दीमा म्हणजे बाई कामगार आणि हद्दीमा म्हणजेच अनेक कामगार! शिक्षकाचंही तसंच: अल्लीम, बाई असली तर अल्लीमा, आणि अनेकवचनही अल्लीमा.

आता खरी अडचण. आमच्याकडे नवीन सहकारी आलं आहे (बघा, मराठीतही मी लगेच नपुंसकलिंगात घसरले), पासपोर्टवर लिंगाच्या रकान्यात 'एक्स', म्हणजे स्त्री किंवा पुरुष अशी नोंद नाही. इथे 2015 चा लिंगओळखीचा कायदा आहे आणि 2017 पासून पासपोर्टवर एक्स मिळतो. इंग्रजीत 'दे' (they) म्हणून भागतं. पण "सोमवारपासून रात्रपाळी अमुक बघणार" हे माल्टीजमध्ये लिहायचं, तर क्रियापद पुल्लिंगी की स्त्रीलिंगी? माल्टीजला आपल्यासारखं नपुंसकलिंग नाहीच. कुणाला अनुभव आहे का?

नुक्ता: नोटीस आधी सोडवू. 'एझीझ हद्दीमा' लिहा. नाम तेच, पण एझीझ हे अनेकवचनी विशेषण आहे, त्यामुळे एकटी बाई वाचलीच जाणार नाही. त्याहून सोपं 'एझीझ कोल्लेगी'. कोल्लेगा हा शब्द बाईपुरुष दोघांना चालतो.
माल्टीजमध्ये अनेकवचनाला लिंग नसतं. ऊवा म्हणजे तो, ईया म्हणजे ती, पण ते, त्या आणि ती सगळ्यांना एकच ऊमा. 'लिहितो' यिक्तेब, 'लिहिते' तिक्तेब, 'लिहितात' सगळ्यांचं यिक्त्बु.

कोकणकडा: माल्टीज अरबीतूनच आलेली, त्यामुळे अरबी शिकलेल्यांना गंमत वाटेल, समोरच्याशी बोलताना तर माल्टीज लिंग विचारतच नाही. अरबीत पुरुषाला इन्ता, बाईला इन्ती. इथे सगळ्यांना इन्ती, आणि तिक्तेब हेच 'तू लिहितोस' आणि हेच 'तू लिहितेस'. म्हणजे सहकाऱ्याशी बोलताना क्रियापद आड येणार नाही, विशेषण येईल. 'दमलास का'साठी अय्यीन की अय्यीना, तिथे पंचाईत.

धागाकर्ती: हो, अगदी तेच झालं! बारा तासांच्या ड्युटीनंतर 'अय्यी...' एवढंच म्हणून मी खोकले.

नुक्ता: 😀 'पेर्सुना' वापरा. व्याकरणाने तो शब्द स्त्रीलिंगी, माणूस कुणीही असो. धिप्पाड पुरुषही 'पेर्सुना ताय्बा', चांगली व्यक्ती. मराठीत 'ती व्यक्ती' म्हणताना कुणाची मिशी जात नाही, तसंच. उलट 'ब्नीदेम' जपून. अर्थ माणूस, पण मूळ 'आदमचे पुत्र'. मानवी हक्कांना माल्टीजमध्ये सर्रास 'ब्नीदेमचे हक्क' म्हणतात, आणि 1 मेचं नाव अजून 'हद्दीमचा दिवस' आहे, एकवचनी पुल्लिंगी.

पाहुणी: शब्दांच्या मुळापर्यंत गेलात, पण त्या सहकाऱ्याला विचारलंत का?

धागाकर्ती: नव्हतं विचारलं. आज चहाच्या सुट्टीत विचारलं. उत्तर मिळालं: "लिहिताना ऊमा आणि अनेकवचन चालेल. बोलताना माझं नाव घ्या. अय्यीनऐवजी 'दमणूक कशी आहे' विचारलंत तरी कळतं." नोटीस लावली, आज तिच्यावर पेन चाललेलं नाही.

आता पुढचा प्रश्न, आणि तो मराठीचा आहे. गणपतीला हेच सहकारी जेवायला येणार आहेत आणि रत्नागिरीहून आई आलेली आहे. आई दारातच "आला का गं तो?" करणार. आपलं अनेकवचन माल्टीजसारखं कामाला येत नाही, 'ते आले' आणि 'त्या आल्या' वेगळेच. 'ते आलं' म्हटलं तर मांजर आल्यासारखं वाटतं.

कोकणकडा: समोर असताना "आलात का? बसा" म्हणायला सांगा. 'आलात'ला लिंग नाही.

धागाकर्ती: सांगितलं. आईचं म्हणणं, "माझ्या नातवाच्या वयाचं पोर, त्याला अहोजाहो कशाला?" 'पोर' मात्र तिने आपणहून म्हटलं. तेच ठेवू का?