मे महिना, मनोरी आणि मराठीत आलेली मिस्सा: तुमचेही अनुभव लिहा

माडाखालची: काल माळा साफ करताना जुनी ताडपत्री सापडली. कड्या गंजल्यात. उलगडली तर खाऱ्या वाऱ्याचा वास आला आणि मी तिथेच बसले.

आम्ही मरोळ गावठाणातले. दर मे महिन्यात मार्वेहून होडीने मनोरीला, मावशीच्या वाडीत. घरात एवढी माणसं मावायची नाहीत, म्हणून दोन माडांना दोरी बांधून ही ताडपत्री टाकायची, कडा दगडांनी दाबायच्या. आम्ही मुलं तिच्याखाली झोपायचो. दिवसभर समुद्र आणि ताडगोळे, संध्याकाळी क्रूसासमोर लदीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची लॅटिन प्रार्थना. आजी एकेका संताचं नाव घ्यायची, आम्ही प्रत्येक नावाला ओरडायचो, 'ओरा प्रो नोबिस!' अर्थ ('आमच्यासाठी विनंती कर') तेव्हा कोणाला ठाऊक!

तोवर चर्चमधली मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, लॅटिनऐवजी मराठीत होऊन काही वर्षं झाली होती. फादर लोकांकडे तोंड करून उभे राहायला लागले होते. आजी लदीन लॅटिनमध्येच म्हणायची, त्यामुळे मला वाटायचं तिला हा बदल आवडला नसणार. काल आईने सांगितलं, उलटंच आहे. पहिली मराठी मिस्सा ऐकून आजी घरी येऊन रडली होती. म्हणाली, 'एवढी वर्षं फादर हे बोलत होते होय!' लदीन मात्र तिला तिच्या आईने शिकवलेली, ती तशीच ठेवली.

तुमच्या घरी काय बदललं, काय राहिलं? सुट्टीत कुठे जायचात?

वसईकर_बावखल: ओरा प्रो नोबिस वाचून अंगावर काटा. आमची आजी १९६४ला पोप पॉल सहावे आले तेव्हा ओव्हल मैदानावर गेली होती. गर्दीत चप्पल हरवली, अनवाणी परत आली, पण शेवटपर्यंत तेच कौतुक. १९९८ला वसईचा धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला तेव्हा विचारत होती, आता मोतमावलीला (वांद्र्याच्या माउंट मेरीला) जायला चालेल ना?

भायखळ्याची सून: आम्ही प्रॉटेस्टंट, मराठी मिशनवाले. आमच्यात उपासना आधीपासून मराठीतच, भजनं टाळ-पेटीवर. बदल आला तो १९७० साली, वेगवेगळी प्रॉटेस्टंट चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा. सासरे म्हणायचे, पाटी बदलली, बाकडी तीच. पण त्या पाटीवरून दोन सख्खे भाऊ वर्षभर बोलत नव्हते. नाताळला सासूबाईंनी दोघांना एकाच ताटात करंज्या वाढल्या. मग बोलले.

गिरगावचा_मी: हिंदू आहे, लिहिलं तर चालेल ना? बाबांचा पाय मोडला तेव्हा आईने मोतमावलीला मेणाचा पाय बोलली होती. सप्टेंबरच्या जत्रेत मला खांद्यावर घेऊन बाबाच तो टेकडीवर घेऊन चढले.

माडाखालची: @गिरगावचा_मी अहो चालेल काय! आईंना नमस्कार सांगा.

उत्तन_नाखवा: ताडगोळे आता डझनाने घेताना जीव जातो. सोलताना पाणी सांडू द्यायचं नाही, तेच खरं. कोवळे बघून घ्या.

बॉटलमसाला_फॅन: मे महिना म्हटलं की मला फक्त मिरच्यांचा ठसका आठवतो. मसालेवाल्या बाया यायच्या, अंगणात कांडायला बसायच्या, आम्ही मसाला भरायला बिअरच्या रिकाम्या बाटल्या धुवायचो. ताई, तुमच्याकडे बॉटल मसाल्यात मायपत्री घालतात का?

वसईकर_बावखल: मायपत्रीशिवाय कसला बॉटल मसाला. नागकेशर पण.

कुर्ला_पश्चिम: उशिरा लिहितेय, कुकर लावलाय. २०२०चा ईस्टर. चर्च बंद, मिस्सा मोबाईलवर. आईला एकटीला हॉस्पिटलात ठेवलं होतं, फादरना आत सोडत नव्हते. मी फोनवरून प्रार्थना म्हणत होते, 'आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर' इथे माझा आवाज गेला. तिने पुढचं पूर्ण केलं. शिट्टी झाली, येते.

भायखळ्याची सून: @कुर्ला_पश्चिम ताई, मिठी. सावकाश या.

बॉटलमसाला_फॅन: 🙏

उत्तन_नाखवा: मनोरीला अजून ताडपत्री टाकून झोपता येतं का? पोरं मागे लागलीत.

माडाखालची: @कुर्ला_पश्चिम आज आईंसाठी रोजरी म्हणते.
@उत्तन_नाखवा कोणाची वाडी ओळखीची असेल तर येतं. भाचाही परवापासून ताडपत्री मागतोय. सकाळी धुऊन गच्चीत वाळत टाकली, तर आईने तिच्यावर मसाल्याच्या मिरच्या पसरल्यात. मायपत्री घालतो हो.