पित्ताशयातल्या खड्यांवर झाडपाल्याचं काही चालतं का?

रानवारा:
आईच्या सोनोग्राफीत पित्ताशयात ८ मिमीचा खडा निघालाय. जेवलं की पोट फुगतं, कधीकधी उजव्या बरगडीखाली कळ येते नि अर्ध्या तासात जाते. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, ती म्हणते पित्त मला लहानपणापासूनच आहे, त्यात काय एवढं. मावशीने ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस सांगितलाय, रात्री प्यायचं नि सकाळी हिरवे खडे पडतात म्हणे, शिवाय हळदीच्या कॅप्सूल. कुणी केलंय का?

एक_चिमूट:
मी केलंय हो. सकाळी पडले की, वाटाण्याएवढे हिरवे, पाण्यावर तरंगत होते, नखाने दाबले तर मऊ चिकट. घरभर सांगत सुटले! महिन्याने सोनोग्राफी केली तर खडा जागच्या जागी. २००५ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात असेच 'खडे' तपासल्याचं आलं होतं, खऱ्या खड्यांत असतं तसलं कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन (पित्तातला पिवळा रंग), कॅल्शियम काही सापडलं नाही, ४० अंशाला १० मिनिटांत वितळून तेलकट हिरवं पाणी. म्हणजे प्यायलेल्या तेलाचाच पोटात साबण झालेला.

काढेवाला:
आधी एक घोळ मिटवा. आपण ज्याला 'पित्त झालं' म्हणतो ती बहुतेक वेळा ॲसिडिटी, जठरातलं आम्ल. पित्ताशयात साठतो तो यकृतातून आलेला पित्तरस, दोघांचा संबंध नाही. आणि हळदीतल्या करक्युमिनने पित्ताशय आकुंचन पावतं, खडा नसेल आणि नुसतं जड वाटत असेल तर ठीक, पण खडा असताना पिळलं तर तो पित्तनळीत जाऊन बसायचा. जेवणातल्या चिमूटभर हळदीला घाबरू नका, कॅप्सूल मात्र डॉक्टरांना न विचारता नको, मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सूलनी लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस आहेत. फुगण्यावर आलं, बडीशेप बघा. पुदिना पण चांगला, फक्त छातीत जळजळ असेल तर वाढवतो.

एक_चिमूट:
खडा विरघळवायची गोळी असते, अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड, पण ती छोट्या कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, महिनोन् महिने घ्यायची, आणि बंद केली की खडे परत होऊ शकतात. आणि हो, कळ काही तास थांबलीच नाही, ताप आला, डोळे पिवळे दिसले तर घरी काही करत बसू नका, सरळ दवाखाना.

रानवारा:
कॅप्सूल कपाटात टाकल्या. हे सगळं वाचून दाखवलं तेव्हा आई हळूच म्हणाली, परवा रात्री चार तास दुखत होतं, तुला उठवलं नाही. निघतोय आत्ताच.