मदत हवी आहे: पोटाच्या तक्रारींसाठी ठाण्यात आहारतज्ज्ञ

नमस्कार मंडळी. वर्षभर पोट फुगतंय. कधी जुलाब, कधी तीन-तीन दिवस काहीच नाही. डॉक्टर म्हणाले आयबीएस (आतडी नाजूक होऊन पोट सारखं बिघडण्याचा त्रास), आहारतज्ज्ञांना भेटा. घोडबंदर रोडला एकींकडे गेले, तर छापील कागद हातात ठेवला: गहू, दूध, डाळी बंद. परत कधी सुरू करायचं विचारलं, तर "बघू"! तीन महिने झाले, ५ किलो उतरलेय. परवा घरात सगळे मिसळीवर तुटून पडलेले आणि मी आपली भाताची पेज भुरकतेय.

मोनॅश विद्यापीठाच्या लो फॉडमॅप आहाराबद्दल वाचलं, म्हणजे कांदा, लसूण, गहू असे आतड्यात आंबून गॅस करणारे पदार्थ काही काळ टाळायचे. कडक पथ्य २ ते ६ आठवडेच, मग एकेक पदार्थ परत खाऊन बघायचा. हा दुसरा टप्पा मला कुणी सांगितलाच नाही. शिवाय सीलिअ‍ॅक या, गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा करणाऱ्या आजाराची रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच करायची असते, आणि मी तर तो आधीच सोडून बसले! पुन्हा पोळ्या सुरू करून तपासणी केलीय का कुणी? किती आठवडे खाल्ल्या?

नौपाडा, पाचपाखाडीकडे कुणी अनुभवी माहीत आहे का? कांदा-लसणाशिवाय आमटी कशी करायची हे सांगणारं हवं. पावडरीचे डबे विकणारं नको. फीसुद्धा सांगा.