अनुभव धागा: जुनी कॉमिक्स कशी तपासता, कशी जपता, कशी वाचता?

इंद्रजाल, अमर चित्रकथा, टिंकल, राज, परदेशी अंक, यांतलं काहीही जमवत असाल तर इथे लिहा. एक विनंती आहे. लहानपणच्या आठवणी नकोत, त्या आपण पुष्कळ लिहिल्यात. काय तपासता, कशात ठेवता, काय बिघडतं आणि का, हे आकड्यांसकट लिहा. नव्याने जमवायला लागलेल्याला उद्याच्या रविवारी बाजारात उपयोगी पडेल असं.

सुरुवात मी करतो, मराठी इंद्रजालपासून, म्हणजे वेताळ-मँड्रेकच्या जुन्या कॉमिक्स मालिकेपासून.

जुना अंक हातात आला की आधी मधलं पान उघडा, किंमत नंतर विचारा. ३२ पानांचा अंक दोन पिनांवर उभा असतो. पिना गंजल्या की सगळ्यात आधी मधलं जोडपान सुटतं, म्हणजे एकदम चार पानं जातात. बाहेरून अंक धडधाकट दिसतो आणि कथानायक वेताळ (मूळचा फँटम) गुहेतून निघून पुढच्याच चौकटीत बंदरावर पोचलेला असतो. पानांचे आकडे मोजा. आकडे कापले गेले असतील तर संवाद वाचून सलगता बघा. मग मागचं पान बघा, कारण सुरुवातीच्या अंकांच्या पाठीवर भिंतीवर लावण्याजोगं पूर्ण पानाचं चित्र असे आणि ते हमखास कापलेलं सापडतं.

क्रमांकांची यादी करणाऱ्यांसाठी: मार्च १९६४ मध्ये पहिला अंक, १९९० मध्ये मालिका बंद, एकूण ८०३ अंक. १२३ आणि १२४ हे क्रमांक संपामुळे निघालेच नाहीत. ते शोधत फिरू नका आणि कोणी ‘दुर्मिळ’ म्हणून देऊ केले तर व्यवहार तिथेच थांबवा. पुढच्या वर्षांत सलग क्रमांकाऐवजी खंड आणि अंक अशी पद्धत आली, म्हणून यादीत दोन्हींसाठी वेगळे रकाने ठेवा. सुरुवातीच्या पन्नासएक अंकांची मुखपृष्ठं बी. गोविंद यांची. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा नायक बहादूर आला, त्याची चित्रंही गोविंद यांचीच. मुखपृष्ठ नसलेला अंक मी फक्त वाचण्यासाठी घेतो, संग्रहात धरत नाही.

दादरहून, अमर चित्रकथा जमवणारा

अमर चित्रकथेत पहिली छपाई आणि पुनर्मुद्रण यांत लोक फार फसतात. वर्षावर विसंबू नका, क्रमांक बघा. अनंत पै यांच्या ‘कृष्ण’चा मूळ क्रमांक ११, कारण आधीचे दहा अंक परदेशी परीकथांचे होते. पुढे जाड मुखपृष्ठाच्या आवृत्त्या निघाल्या तेव्हा क्रमांक ५०१ पासून नव्याने लावले गेले आणि ‘कृष्ण’ ५०१ झाला. म्हणजे पाचशेच्या वरचा आकडा दिसला की अंक नंतरचा, विक्रेता काहीही म्हणो. दुसरी खूण प्रकाशकाच्या नावाची. जुन्या अंकांवर इंडिया बुक हाऊस असतं. तिसरी किंमत: छापील किमतीवर नव्या किमतीची चिठ्ठी चिकटवलेली असेल तर ती ओढून काढू नका, खालचा रंग तिच्याबरोबर येतो.

चित्रकारांनुसार जमवायचं असेल तर राम वाईरकर, प्रताप मुळीक आणि दिलीप कदम यांच्यापासून सुरुवात करा. मुळीकांची रेषा ओळखू यायला लागली की राज कॉमिक्सच्या नागराजच्या अंकांतही ती सापडते.

पुण्याहून

जागांबद्दल थोडक्यात. पुण्यात जुना बाजार रविवारी आणि बुधवारी. सकाळी लवकर जा, कारण गठ्ठे सुटतात तेव्हाच काय ते मिळतं. अप्पा बळवंत चौकात शाळेची पुस्तकं मुख्य, पण जुनी पुस्तकं विकणाऱ्यांकडे फोन नंबर देऊन ठेवला तर कळवतात. मुंबईत हुतात्मा चौक आणि माटुंग्याचं किंग्ज सर्कल. दिल्लीचा दर्यागंजचा रविवार बाजार २०१९ मध्ये महिला हाटला हलला, जुन्या पत्त्यावर जाऊ नका.

रद्दीवाल्याकडे ‘कॉमिक्स आहेत का’ असं विचारू नका. ‘मुलांची जुनी मासिकं’ म्हणा. चांदोबा, टिंकल आणि कॉमिक्स एकाच गठ्ठ्यात असतात आणि गठ्ठा किलोच्या भावात मिळतो.

छपाईच्या व्यवसायातला, सांगली

खोट्या अंकांबद्दल लिहितो. जुने अंक स्कॅन करून, छापून, चहाच्या पाण्याने पिवळे करून विकले जातात. ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं, घड्याळवाले वापरतात तेच.

भिंग चित्रावर धरू नका, संवादाच्या फुग्यातल्या अक्षरावर धरा. अस्सल अंकात काळं अक्षर एकट्या काळ्या शाईचं असतं. कडा ठाम, आत भरीव काळा, फार तर शाई कागदात किंचित पसरलेली. स्कॅनवरून छापलेल्या अंकात तेच अक्षर रंगीत ठिपक्यांचं बनलेलं दिसतं: निळसर, गुलाबी, पिवळे कण आणि कडेला धूसर झालर. कारण यंत्राने अक्षर ‘अक्षर’ म्हणून छापलेलंच नसतं, अख्ख्या पानाचा फोटो छापलेला असतो. ही एक खूण मला कधी चुकलेली दिसली नाही.

दुसरी चाचणी नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चची. अंधारात आतल्या पानावर प्रकाश टाका. नव्या पांढऱ्या कागदात उजळपणासाठी रसायन असतं, तो निळसर चमकतो. जुना वृत्तपत्री कागद मंदच राहतो. मुखपृष्ठावर मात्र ही चाचणी करू नका, तो कागद वेगळा असतो आणि जुनाही चमकू शकतो.

तिसरं पिना. साठ वर्षांच्या कागदात कोरी चकचकीत पिन असेल तर पिनेभोवती जुना गंजाचा डाग आहे का बघा. डाग असेल तर कोणी तरी पिन बदलली. डागच नसेल तर जपून.

आणि रंग थोडे सरकलेले असणं, वेताळाच्या पोशाखाचा रंग रेषेबाहेर जाणं, हे त्या काळच्या छपाईत नेहमीचं. त्यावरून अंक खोटा ठरवू नका.

रत्नागिरीहून

कोकणात कॉमिक्स टिकवायची म्हणजे जून ते सप्टेंबर सांभाळायचं. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि आमच्याकडे जुलैत ती ८५-९० असते. लक्ष्य ५० च्या आसपास ठेवा. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळ मिळतं, ते डब्याच्या आत ठेवा, खोलीत नाही.

पिशव्या: पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या. पीव्हीसी नको, तिच्यातून सुटणारा वायू कागद खातो आणि मऊपणासाठी घातलेलं तेल शाई ओढतं. ओळख सोपी आहे, पीव्हीसीला नव्या रेनकोटसारखा वास येतो. पॉलिप्रोपिलीनच्या पिशव्या पाच-सात वर्षांनी बदला. अंकाच्या मागे आम्लमुक्त पुठ्ठा. मिठाईच्या खोक्याचा किंवा शर्टच्या घडीतला पुठ्ठा दहा वर्षांत मागच्या मुखपृष्ठावर तपकिरी सावली सोडतो. मापं मागवण्याआधी स्वतः पट्टीने मोजा. अमेरिकन अंकांच्या मापाच्या पिशव्या आपल्या इंद्रजालला आणि अमर चित्रकथेला नीट बसत नाहीत. रुंदीत पाव ते अर्धा इंच मोकळीक हवी. घट्ट पिशवीत अंक सरकवताना कोपराच दुमडतो.

डबा: झाकणाच्या आत रबराची गोल पट्टी असलेला, म्हणजे हवा आत शिरत नाही. तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असेल तर पॉलिप्रोपिलीन, ३ असेल तर पीव्हीसी, परत ठेवा. तीस लिटरच्या डब्याला साधारण ५० ग्रॅम सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे), कापडी पिशवीत, अंकांना न टेकता. रंग बदलणारी घ्या, पण निळ्यापेक्षा नारिंगी बरी, कारण निळीत कोबाल्टचा विषारी क्षार असतो. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास. पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पावसाळ्यात डबा बंद करणं. ओलसर हवा आत कोंडली जाते. कोरड्या दिवसांत, फेब्रुवारी-मार्चमध्ये अंक भरा. पावसात उघडलाच तर नवी सिलिका घाला. स्लॅबखालचा माळा नको, मेमध्ये तिथे भट्टी असते. बाहेरच्या भिंतीला लागून नको, जमिनीपासून चार इंच वर. अंक उभे ठेवलेत तर डबा भरलेला हवा, नाही तर ते पोटात वाकतात. आडवे ठेवलेत तर वीस-पंचवीसच्या वर चळत नको.

सोलापूरहून

कडुलिंबाचा पाला आणि डांबर गोळ्या सुचल्या नाहीत का? पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकांत ठेवतात.

रत्नागिरीहून

पाला पानांवर डाग सोडतो आणि स्वतःच ओलावा आणतो. डांबर गोळ्यांची वाफ बंद डब्यात कोंडते, प्लास्टिक चिकट करते, आणि अंक वाचताना तीच नाकात जाते. कसर लागली असेल तर अंक दोन पिशव्यांत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही. लगेच उघडलीत तर बाहेरच्या हवेतलं पाणी थंड कागदावर धरतं आणि किडीपेक्षा जास्त नुकसान होतं.

अंक भिजलाच तर उन्हात टाकू नका, कागद लाटेसारखा वळतो. सावलीत, पंख्याखाली, दर चार-पाच पानांत कोरा कागद. छापील वर्तमानपत्र नाही, त्याची शाई उतरते. गुळगुळीत मुखपृष्ठ ओलं असताना शेजारच्या पानाला चिकटतं ते कायमचं. दोन दिवसांत वाळवणं जमणार नसेल तर भिजलेला अंक तसाच फ्रीझरमध्ये घाला आणि सवड मिळेल तेव्हा एकेक काढा.

ग्रंथबांधणी करणारी, कोल्हापूर

सेलोटेपला हात लावू नका, एवढं ऐकलंत तरी निम्मे अंक वाचतील. तिचा डिंक कागदात मुरतो, तपकिरी होतो, आणि टेप गळून पडली तरी डाग राहतो.

फाटलेल्या पानाला जपानी टिश्यू (पातळ, लांब तंतूंचा कागद), चौरस मीटरला ५ ते ९ ग्रॅम वजनाचा, आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. मैदा नको, मैद्यातलं ग्लुटेन झुरळांना आणि कसरीला बोलावतं. एक वाटी स्टार्च, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं सतत ढवळत. अर्धपारदर्शक झाली की थंड करून गाळणीतून दोनदा घासून काढा. आमच्या धंद्यात खळीत मोरचूद (तांब्याचा क्षार) घालायची रीत आहे, किडीसाठी. कॉमिक्ससाठी ती घालू नका, तांब्यामुळे कागद लवकर ठिसूळ होतो. त्यापेक्षा खळ थोडीच करा, फ्रीजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा.

टिश्यू कात्रीने कापू नका. ओल्या ब्रशने रेघ ओढून फाडा म्हणजे कडेला तंतू सुटतात आणि जोड दिसत नाही. फाटीच्या दोन्ही बाजूंना चार-पाच मिलिमीटर. खळ कमी, अगदी कमी. वर-खाली बटर पेपर, त्यावर टिपकागद, त्यावर वजन, रात्रभर.

गंजकी पिन बाहेरून ओढली तर पाठ (घडीची कड) फाटते. अंक मधोमध उघडा, बोथट सुरीने पिनेचे पाय सरळ करा, मग पाठीकडून उचला. परत बांधताना त्याच भोकांतून सुती दोरा. नवी पिन मारायचीच तर स्टेनलेस स्टीलची.

जुन्या खासगी लायब्ऱ्यांनी सहा-सहा अंक एकत्र शिवलेले मिळतात. ते सोडवायचा मोह आवरा. शिवताना तीन बाजूंनी कटर फिरलेला असतो, त्यामुळे सुटा केला तरी अंक मूळ मापाचा होत नाही, आणि भोकं मात्र उघडी पडतात. मुखपृष्ठांसकट शिवलेला गठ्ठा मिळाला तर आहे तसाच जपा.

नाशिकहून, वाचणारा

अमेरिकन लेखक ली फॉकचा जादूगार मँड्रेक १९३४ चा, वेताळ १९३६ चा. दोन्ही मुळात वर्तमानपत्रातल्या पट्ट्या. रोजच्या पट्टीत पहिली चौकट बरेचदा कालचा दुवा देण्यात जाते. इंद्रजालने पट्ट्या जोडून अंक केले तेव्हा अशा चौकटी गाळल्या, आणि पानांत बसावं म्हणून कथेतल्याही काही गेल्या. म्हणून कथा मध्येच उडी मारते तेव्हा दोन शक्यता असतात: पान गहाळ किंवा मूळचीच काटछाट. पानांचे आकडे सलग असतील तर काटछाट. मूळ पट्ट्यांचे इंग्रजी संग्रह शेजारी ठेवून वाचा, संपादकाची कात्री कुठे फिरली ते दिसतं. नावंही बदललेली: वेताळाचा देश, मूळचं बंगाला, इंद्रजालमध्ये डेंकाली झालं.

चित्रांवरून काळ लावता येतो. वेताळ आधी रे मूर काढत, मग विल्सन मॅकॉय, आणि १९६१ पासून साय बॅरी. मॅकॉयची माणसं साधी, मागचं रान जवळजवळ मोकळं. बॅरीच्या चित्रात स्नायू, सावल्या आणि भरगच्च जंगल.

ठाण्याहून, कॉमिक कॉनला जाणारी

भारतातलं पहिलं कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्सचा मेळा, फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाटला झालं, आता मुंबई-पुण्यातही भरतं. जुने अंक मिळतील या आशेने जाल तर निराश व्हाल. तिथे जायचं ते चित्रकारांच्या टेबलांसाठी. पहिल्या दिवशी दार उघडताच सरळ तिकडे जा. फर्माइशी चित्र काढून हवं असेल तर पहिल्या तासात नाव नोंदवा, पात्राचा संदर्भ फोनवर न दाखवता कागदावर छापून द्या.

बरोबर काय न्यायचं: ए-३ चित्रांसाठी पुठ्ठ्याची नळी, तीन इंच व्यासाची, कारण अरुंद नळीत चित्राला कायमचा बाक येतो. ए-४ साठी कडक फोल्डर. सुटे पैसे, गर्दीत हॉलमध्ये नेटवर्क बसतं आणि यूपीआय अडकतं. सहीसाठी अंक पिशवीतून काढून, सहीचं पान उघडून रांगेत उभे राहा. आतल्या खरखरीत कागदावर पिगमेंट शाईचं बारीक पेन, गुळगुळीत मुखपृष्ठावर पेंट मार्कर. मार्करची सही पाच मिनिटं सुकू द्या, मगच पिशवीत.

मेळ्याला कॉमिक्समधल्या पात्राचा पोशाख करून येणाऱ्यांसाठी एवढंच: शाळेच्या हस्तकलेचं फोम दोन-तीन मिलिमीटरचं असतं, चिलखताला ते पुरत नाही. ईव्हीए फोम चिलखताला पाच-सहा, शस्त्राला दहा मिलिमीटर. चपलांचं पिवळं सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेना झालं की जोडा. आधी जोडलंत तर उन्हात रांगेतच सांधा उकलतो. धातूचं पातं दारावर अडवतात.

नागपूरहून

पाठवणीबद्दल राहिलं. अंक पिशवीत, पिशवीचं तोंड टेपने बंद करताना टेपचं टोक दुमडून धरायला जागा ठेवा. नाही तर घेणारा टेप ओढतो आणि ती अंकावर चिकटते. दोन्ही बाजूंना खोक्याचे पुठ्ठे, एकाच्या आतल्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे पाकीट वाकत नाही. पुठ्ठे अंकापेक्षा चारही बाजूंनी इंचभर मोठे. कोपऱ्यांवर पडणारा मार ते खातात. पावसाळ्यात बाहेरून आणखी एक प्लास्टिक.

विकत घेताना पाच फोटो मागा: पुढचं, मागचं, पाठ, पिनांसह मधलं जोडपान, आणि शेवटचं पान. मधल्या पानाचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.