प्रावरणातले थर: जन्मजात की नंतर झालेले?

कातळकर, रत्नागिरी
आमच्या सड्यावर विहीर खणली की वर जांभा, मग कुदळीला चिकटणारी पांढुरकी माती आणि तळाला काळा पाषाण. वरचं सगळं त्या पाषाणाचंच झालेलं. प्रावरणाचं, म्हणजे पृथ्वीचं कवच आणि गाभा यांच्यामधल्या जाड खडकाचंही तसंच आहे, असं माझं ठाम मत आहे. दगड एकच, खोलीनुसार रूप वेगळं. ४१० किमीवर दाबाने ऑलिव्हीन या खनिजाचं वॅड्सलेआइट होतं, ६६० किमीवर त्याचंच पुढचं रूप रिंगवूडाइट मोडून ब्रिजमनाइट आणि फेरोपेरिक्लेज ही खनिजं. भूकंपलहरींचा वेग तिथे बदलतो, म्हणून थर दिसतात. आरंभापासून अस्पर्श राहिलेला थर वगैरे पटत नाही.

खाडीकाठ, दापोली
कातळकर, तुमचा दाखला तुमच्याच विरुद्ध जातो. जांभा होताना सिलिका धुऊन जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतं. म्हणजे घटकच बदलले! ४१० किमीवर तसं होत नाही, फक्त अणूंची मांडणी बदलते. घटकांची खरी विभागणी त्याआधीच झाली. सुरुवातीचा शिलारसाचा महासागर थिजताना लोह उरलेल्या द्रवात साठत गेलं आणि तो जड माल तळाशी बसू शकला. तुमच्या विहिरीतला पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तो ज्या उष्ण स्रोताने ओतला असं मानतात, तो आज रियुनियन बेटाखाली आहे. तिथल्या लाव्हात हेलियम-४ च्या तुलनेत हेलियम-३ (हेलियमचेच दोन प्रकार) महासागराच्या तळावरच्या पर्वतरांगांतल्या बेसाल्टपेक्षा, म्हणजे तिथल्या काळ्या पाषाणापेक्षा, जास्त सापडतं. ते मुख्यतः पृथ्वी घडतानाच अडकलेलं. सगळं ढवळून निघालं असेल, तर ते टिकलं कुठे?

कातळकर
हेलियम-३ गाभ्यातूनही झिरपू शकतं. आणि ढवळणं तर चालूच आहे: जपानखाली बुडालेलं भूपट्ट ६६० च्या आसपास आडवं पसरलंय, मध्य अमेरिकेखालचं मात्र पार खाली गेलंय. आफ्रिका आणि पॅसिफिकखाली प्रावरणाच्या तळाशी, भूकंपलहरी मंदावतात तिथे जे प्रचंड ढीग आहेत, ते अशाच बुडालेल्या सागरी कवचाचे का नसावेत?

बंदरावरून, देवगड
मग मंगळाकडे बघा. तिथे भूपट्टं बुडत नाहीत. नासाच्या इनसाइट यानाने मंगळावर टिपलेल्या कंपनांवरून २०२३ मध्ये दोन अभ्यासगटांनी मांडलं की गाभ्यावर सुमारे १५० किमी जाडीचा वितळलेल्या सिलिकेटचा, म्हणजे खडकाचा, थर आहे. बुडालेलं कवच नसतानाही तळाशी वेगळा थर! मी खाडीकाठ यांच्या बाजूने.

कातळकर
मंगळापुरतं मान्य. तिथे वरून काही बुडत नाही, म्हणूनच तो टिकला. पृथ्वीवर तेवढाच जुना थर शाबूत आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

खाडीकाठ
शाबूत नसेल, पण तळच्या ढिगांत जुना आणि नवा दोन्ही माल असायला तुमची हरकत काय?